तडवळ्याची परिषद आणि वतनाचा मोह

ऐतिहासिक भाषणे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे येतात. १८६३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर बोलणारे अब्राहम लिंकन, १९४७ च्या चौदा ऑगस्टला मध्यरात्री संविधान सभेत बोलणारे पंडित नेहरू, १९६३ साली वॉशिंग्टनला अडीच लाखांच्या समुदायापुढे उभे राहिलेले मार्टिन ल्यूथर किंग. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेताना मीही हीच उदाहरणे देत असे. किंग यांच्या भाषणानंतर वर्षभरातच, १९६४ साली, अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यामुळे भाषण आणि कायदा यांचे नाते मुलांच्या चटकन लक्षात यायचे.

पण सगळीच भाषणे इतक्या लवकर फळत नाहीत. काहींना तीस-तीस वर्षे लागतात. अशाच एका लांबलेल्या गोष्टीचा एक टप्पा आपल्या धाराशिव जिल्ह्यात आहे आणि तो आपल्याच मुलांना ठाऊक नसतो, म्हणून आज हे लिहायला घेतले आहे.

निमित्त झाले आमच्या भाचीच्या फोनचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीच्या व्यवहाराच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. तिने विचारले, "मामा, हे महार वतन म्हणजे काय हो? सरकारची जमीन की त्या लोकांची?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर फोनवर देता येण्यासारखे नव्हते. (जातींची नावे इथे त्या काळच्या कायद्यांत आणि परिषदांच्या नावांत आहेत तशीच वापरतो आहे, गैरसमज नसावा.)

येडशीहून ढोकीकडे निघालो की मध्ये कसबे तडवळे हे गाव लागते. रेल्वेने जाणाऱ्यांना हे नाव पाटीवर दिसत नाही, कारण तिथल्या स्टेशनचे नाव 'कळंब रोड' असे आहे. पूर्वी इथून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची. त्या काळी आपल्या भागात इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख एकमेकांत अगदी गुंतलेले होते. बार्शी इंग्रजांकडे, धाराशिव निजामाकडे. या गावात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. त्यांचा मुक्काम गावातल्या शाळेत होता. बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली होती, असे जुने लोक अभिमानाने सांगत.

आता परिषदेच्या नावाकडे जरा लक्ष द्या. 'वतनदार' परिषद! देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे वतनदार आपल्याला माहीत असतात. ज्याला गावकुसाच्या आत राहायला जागा नाही तो वतनदार कसा? पण कागदोपत्री तो वतनदारच होता, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

वतन म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालणारे गावकीचे काम आणि त्या कामाबद्दल मिळणारा मोबदला. महाराच्या वाट्याला आलेले काम केवढे होते पाहा. वेशीची राखण करायची, चावडीवर लोकांना बोलावून आणायचे, शेताच्या हद्दी दाखवायच्या, वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवायची, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे सामान वाहायचे, त्याच्या घोड्याची व्यवस्था पाहायची, कुणी मेले तर परगावच्या नातेवाइकांना निरोप द्यायला पायी जायचे, मेलेली जनावरे ओढायची. मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याची थोडी इनाम जमीन, सुगीत खळ्यावर मिळेल तेवढे बलुते, आणि रोज संध्याकाळी दारोदार फिरून मागून आणलेली भाकरी.

या कामाला वेळेची मर्यादा नव्हती. दिवस असो की रात्र, हाक आली की निघायचे. नेमलेला माणूस घरी नसेल तर त्याच्या बापाने किंवा भावाने जायचे. म्हणजे पगार नावाचे जे काही होते ते एकाचे आणि राबणूक सगळ्या घराची. मुंबई इलाख्यात या साऱ्याला १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याचे, म्हणजे बोलीभाषेतल्या वतन कायद्याचे, बळ होते.

यातली खरी मेख मात्र पुढेच आहे. काम सरकारचे, पण त्याचा मोबदला मुख्यतः रयतेने धान्याच्या रूपाने द्यायचा. त्यामुळे माणूस सरकारचाही नोकर आणि गावाचाही नोकर, आणि जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. गावाची मर्जी गेली की बलुते बंद. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर जिथे जिथे अस्पृश्यांनी मान वर केली तिथे गावाच्या हाती बहिष्काराचे हत्यार तयारच होते. ताठ मानेने जगायचे तर आधी पोट गावाच्या मुठीतून सोडवले पाहिजे, हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले.

म्हणून १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला त्यावर सविस्तर भाषण केले. त्या भाषणात अलंकार फारसे नाहीत. आहे तो हिशोब. महाराला सरकारकडून काय मिळते, जमिनीचे उत्पन्न किती, वाटणी होत होत प्रत्येकाच्या हाती काय उरते, बलुते कसे बुडवले जाते, हे सगळे त्यांनी कौन्सिलापुढे ठेवले. मागण्याही नेमक्या होत्या. या नोकरांना पुरेसा मोबदला मिळावा. बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारने सारा गोळा करताना वसूल करून द्यावी. कामे कोणती आणि किती ते नियमाने ठरवून टाकावे. आणि ज्याला ही नोकरी नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे होता यावे. विधेयक मंजूर झाले नाही तर महारांचा संप घडवून आणण्यात आपण आपला उरलेला वेळ घालवू, असेही त्यांनी बजावले.

परिणाम काय झाला? विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले आणि तिथून बाहेर आले ते इतके बदलून की १९२९ साली ते मागेच घ्यावे लागले. सरकारला स्वस्तातले नोकर सोडवत नव्हते आणि जमीनदार वर्गाला रोख कर नको होता. थोडक्यात, भाषण झाले आणि कायदा झाला नाही.

इथे कोल्हापूरची आठवण येते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ सालीच आपल्या संस्थानात महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने त्यांच्याच नावे करण्याचा हुकूम काढला होता. राजा चांगला असला की एका हुकमाने काम होते. पण मुंबई इलाख्यात राजा नव्हता. तिथे मते वळवावी लागणार होती, आणि मते वळवायला बोलण्यावाचून दुसरे साधन नव्हते. तेही एकदा बोलून भागणारे नव्हते.

आता तडवळ्याला येऊ. कौन्सिलातले भाषण इंग्रजीत होते, ऐकणारे सरकारी अंमलदार आणि सभासद. त्यांना आकडेवारीने पटवता येते, संपाचा धाक घालता येतो. तडवळ्याच्या मांडवात बसलेले श्रोते अगदी वेगळे. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तेच ते वतनदार. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला अवघड भाग इथेच होता, कारण वतन नकोसे झालेले लोक जसे होते तसे ते हवेसे वाटणारेही पुष्कळ होते.

असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली अशी आख्यायिका आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाई. बेदर आपल्याला काही लांब नाही. ज्याच्यापाशी दुसरे काहीच नाही त्याला 'आम्ही वतनदार, आमचे बावन्न हक्क' या शब्दांचा केवढा आधार वाटत असेल! गावात आपले काहीतरी आहे, पूर्वजांनी मिळवलेले आहे, ते सोडायचे म्हणजे पूर्वजांशी बेइमानी, अशी ती भावना होती. शिवाय तुकडा का असेना, जमीन होती. शिळी का असेना, भाकरी होती. वतन सोडले तर उद्या काय खायचे, याचे उत्तर कुणापाशीच नव्हते.

आणि महार व मांग या दोन समाजांत याच हक्कांवरून गावोगाव तंटे असत. कोणते काम कुणाचे, कुणाचा मान आधी, बलुत्यात कुणाचा वाटा किती. उपाशी माणसांनी अर्ध्या भाकरीवरून भांडावे तसेच हे. त्या दोघांच्या नावाने एक परिषद भरावी, हीच एक मोठी गोष्ट होती असे मला वाटते.

अशा श्रोत्यांपुढे बाबासाहेब त्या वर्षांत ठिकठिकाणी हाच विषय घेऊन उभे राहत होते. १६ डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यात हरेगावला परिषद झाली, १९४१ च्या फेब्रुवारीत तडवळ्याला, आणि १६ ऑगस्ट १९४१ ला नाशिक जिल्ह्यात सिन्नरला. मधल्या काळात सरकारने वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे साऱ्याची सवलतीची पट्टी, वाढवली होती. सिन्नरला तिच्याविरुद्ध करबंदीचा पुकारा झाला आणि पुढे सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. या सगळ्या सभांमधून सांगणे एकच: ज्याला तुम्ही हक्क म्हणता तीच तुमच्या पायातली बेडी आहे.

विरोधकाला चार शब्द सुनावणे सोपे असते, टाळ्या हमखास मिळतात. आपल्याच माणसांना 'तुम्ही ज्याचा अभिमान बाळगता ते सोडा' असे सांगायला फार मोठे धैर्य लागते. आपल्या जिल्ह्यात निवडणुकीच्या सभा मी शाळकरी वयापासून ऐकत आलो. समोरच्या गर्दीला न आवडणारे पण तिच्या हिताचे असे काही बोलणारा वक्ता क्वचितच पाहिला. म्हणूनच तडवळ्याच्या परिषदेचे मोल मला जास्त वाटते.

पुढचा कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९३७ साली बाबासाहेबांनी विधानसभेत कोकणातली खोती बंद करण्याचे विधेयक मांडले होते. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. २६ जानेवारी १९५० ला भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. वतनाच्या मुळावरच तो घाव होता, पण गावात वतन चालूच राहिले. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५८ साली, मुंबई राज्यात कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणारा कायदा झाला. १९२८ च्या भाषणानंतर बरोबर तीस वर्षांनी! आपल्या मराठवाड्यात निजामी अमलामुळे कायद्यांची मालिका थोडी वेगळी आहे. इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा हा त्या मालिकेतलाच.

पण कायदा झाला त्या दिवशी गाव बदलते का? मला आमच्या गावचे आठवते. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, म्हणजे १९६०-६१ चा सुमार. दिवेलागणीला येसकर यायचा, घुंगराच्या काठीचा आवाज व्हायचा आणि आजी उतरंडीजवळ ठेवलेली भाकरी घेऊन उठायची. एका वर्षी दिवाळीनंतर काठीचा आवाज यायचा थांबला. दोन-तीन संध्याकाळी आजीने भाकरी काढून ठेवली. मग वडील म्हणाले, "आता नका ठेवू. त्यांनी ठरवलंय, कुणी मागायला यायचं नाही." गावात कुरबुर झाली. मेलेले बैल कोण ओढणार, सांगावा कोण नेणार, असे पारावर बोलणे चाले. काहींनी खळ्यावरचे धान्य हट्टाने बंद केले. त्या वर्षी त्या वस्तीत किती घरांत चुली थंड राहिल्या असतील याचा विचार मी मोठेपणी केला. पण काठीचा आवाज पुन्हा आला नाही. त्यातली काही मुले पुढे सोलापूरला गिरणीत गेली, काही मुंबईला, आणि दोघे-तिघे माझ्याबरोबर हायस्कुलात आले.

चावडीवर त्या वेळी कोणता कायदा वाचून दाखवला गेला असेल असे मला वाटत नाही. त्या वस्तीतल्या माणसांनी मनाशी ठरवले होते, आणि ते ठरवायला त्यांना कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी मांडवात सांगितलेले होते. ऐकणाऱ्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितले असेल, तिने मुलांना. भाषण असे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत झिरपत जाते. त्याची नोंद कोणत्याही राजपत्रात होत नाही.

अर्थात यातली दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वतन गेले, त्याबरोबर अन्नाचा होता तोही आधार गेला. बदल्यात जमीन किंवा काम ज्या प्रमाणात मिळायला हवे होते त्या प्रमाणात मिळाले नाही. म्हणूनच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. वतन सोडा म्हणणाऱ्याने माणसे मोकळी केली. त्यांना उभे करण्याचे काम समाजाचे आणि सरकारचे होते, आणि ते अजून पुरते झालेले नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. १९५८ च्या कायद्याने वतन रद्द झाले, जमीन सरकारजमा झाली आणि ठरावीक रक्कम भरून घेऊन ती पुन्हा त्याच वतनदारांना द्यायची असे ठरले. मात्र एक अट घातली. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि ठरलेली रक्कम भरल्याशिवाय ती विकता येणार नाही. हेतू चांगला होता. गरिबाची जमीन सावकाराने किंवा गावातल्या बड्या माणसाने कवडीमोलाने घेऊ नये, हा. म्हणजे जमीन त्या लोकांचीच, पण सरकारच्या पहाऱ्यात. जिथे शहर वाढत आले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला, तिथे हाच पहारा वादाचा विषय झाला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी सातबाऱ्याचा उतारा घेऊन घरी आला होता. चार एकरांचे रान आणि त्यावर एकोणीस नावे. "सर, यातलं माझं किती?" असे त्याने हसतच विचारले. आम्ही दोघांनी कागदावर अपूर्णांक मांडले तेव्हा त्याच्या वाट्याला काही गुंठे आले. वाटणी होत होत हाती काहीच उरत नाही, हे १९२८ साली कौन्सिलात सांगितले गेले होते. जवळजवळ शंभर वर्षांनंतर एका गणिताच्या वहीत तेच उत्तर आले. फरक इतकाच की उतारा घेऊन आलेला माझा विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे, आणि त्या गुंठ्यांवर त्याची भाकरी अवलंबून नाही. हा फरक लहान नव्हे.

लिंकन आणि किंग यांची भाषणे मुलांनी जरूर वाचावीत. पण धाराशिव-लातूर मार्गावरून जाताना येडशीच्या पुढे गाडी थोडी हळू करून त्यांना तडवळेही दाखवावे. इथे १९४१ साली काही हजार वर्षांच्या सवयीला प्रश्न विचारला गेला आणि तो आपल्याच माणसांना विचारला गेला, एवढे जरी सांगितले तरी पुरे. आपल्यापैकी कुणाच्या घरी जुने फेरफार, सनदा, वतनाचे कागद पडून असतील, तर ते रद्दीत देऊ नका. एकदा घरातल्या मुलांना बसवून वाचून दाखवा. पाठ्यपुस्तकात नसलेला पुष्कळ इतिहास त्या पिवळ्या कागदांत आहे.